गलाई व्यवसाय : सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील परमुलखी कमाई आणि तिची किंमत

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील श्रमिकांच्या स्थलांतराचा विचार करताना सामान्यतः दोन प्रवाहांकडे लक्ष वेधले जाते. पहिला प्रवाह मुंबईच्या कापडगिरण्यांकडे व गोदीकडे गेलेल्या कामगारांचा आणि दुसरा साखर कारखान्यांच्या हंगामात फिरणाऱ्या ऊसतोड मजुरांचा. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पूर्व भागातून निघालेला तिसरा प्रवाह मात्र या चर्चेत क्वचितच येतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, खटाव आणि माण या तालुक्यांतील हजारो कुटुंबांतील पुरुष सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी भारताच्या कानाकोपऱ्यांत गेले. केरळ-तामिळनाडूपासून उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपर्यंतच्या सराफ बाजारांत त्यांनी भट्ट्या मांडल्या. या व्यवसायाला 'गलाई' आणि तो करणाऱ्यांना 'गलाईवाले' अथवा 'गलाई व्यावसायिक' असे म्हटले जाते. विटा हे या व्यवसायाचे मूळपीठ म्हणून ओळखले जाते.

हे काम अंगमेहनतीचे, धोक्याचे आणि घरापासून शेकडो कोस दूरचे होते. त्याचबरोबर कोरडवाहू शेतीच्या तुलनेत त्यातील मिळकत कितीतरी अधिक होती. प्रस्तुत निबंधात या व्यवसायाची पार्श्वभूमी, कामाचे स्वरूप, कमाईची घडण आणि त्या कमाईच्या बदल्यात व्यक्ती, कुटुंब व गाव यांनी मोजलेली किंमत यांचा परामर्श घेतला आहे. गलाईतील मिळकतीत कौशल्याचा वाटा होताच. परंतु इतरांनी टाळलेली जोखीम स्वतःच्या अंगावर घेण्याचा मोबदलाही तीत मिसळलेला होता. मिळकत गावात घरांच्या व जमिनीच्या रूपाने दिसली. जोखमीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात झाली नाही, असे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आजचा सांगली जिल्हा हा मूळच्या सातारा जिल्ह्याचाच मोठा भाग होय. इ.स. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. आटपाडीचा परिसर १९४८ पर्यंत औंध संस्थानात मोडत होता. त्यामुळे खटाव-माण आणि खानापूर-आटपाडी हे तालुके आज दोन जिल्ह्यांत विभागलेले असले, तरी त्यांचा निसर्ग, नातेसंबंध आणि जगण्याची रीत एकच आहे.

या भागाचे मुख्य दुखणे पावसाचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माणदेशात, तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. येरळा, अग्रणी व माण या नद्या वर्षातील बराच काळ कोरड्या असतात. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांनी या भागातील शेतकरी कुटुंबांना वारंवार बाहेरची वाट दाखविली.

या वाटा अनेक होत्या. सैन्यभरती ही त्यांतील जुनी वाट. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, ही नोंद या परंपरेची साक्ष देते. दुसरी वाट मुंबईच्या गिरण्यांची, तिसरी बाजारपेठा व गोदामांतील हमालीची. गलाई ही चौथी वाट. पहिल्या तीन वाटांवर मालक वा सरकार आधीपासून उभे होते आणि काम करणारा तेथे नोकर म्हणून जात होता. गलाईच्या वाटेवर मालकी स्वतःची होती. तिचे सर्वांत मोठे आकर्षण तेच होते आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिची उणीवही तेथेच होती.

कामाचे स्वरूप :

'गलाई' हा शब्द हिंदीतील 'गलाना' या क्रियापदाशी नाते सांगतो. मराठी सराफी व्यवहारात धातू वितळविण्यास 'आटणी' म्हणतात. सोनारांच्या दुकानातील राख व केर धुऊन त्यातील सोन्याचे कण वेचणारे झारेकरी महाराष्ट्रात पूर्वीपासून होते. गलाईचे काम याच साखळीतील पुढचे होय. जुने दागिने, मोड, घडणावळीतील कण व दुकानातील केर यांतून शुद्ध सोने व चांदी वेगळी काढणे हे त्याचे सार आहे.

पारंपरिक पद्धतीत अशुद्ध सोन्याच्या वजनानुसार त्यात पुरेशी चांदी मिसळून मुशीत वितळविले जाते. साधारणतः एक भाग सोन्यास तीन भाग चांदी असे प्रमाण राखले जाते, कारण चांदीचे प्रमाण कमी असल्यास तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, धातूच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. वितळलेल्या मिश्रणाचे बारीक कण अथवा पातळ पत्रे करून ते तेजाबात उकळले जातात. चांदी व तांबे विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपात सोने उरते. ते वारंवार धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळविले की शुद्ध सोन्याची लगड तयार होते. तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळविली जाते. चांदीच्या शुद्धीकरणात शिशाचाही वापर होत असे. शिसे भट्टीत जळताना इतर अशुद्ध धातूंना आपल्याबरोबर घेऊन जाते.

सोने १०६४ अंश व चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता कोळशाच्या भट्टीत, भाता वा पंखा चालवून, सराफ गल्लीतील भाड्याच्या अरुंद खोलीत निर्माण करावी लागे. मुशीतील रस ओतण्याचा क्षण चुकला तर माल सांडतो आणि हातही भाजतो. ग्राहकाचे सोने रात्री खोलीत असल्याने काम करणाऱ्याने तेथेच झोपावयाचे, हीही या व्यवसायाची रीत होती. भट्टी, तेजाब आणि अंथरूण ही तिन्ही अनेकदा एकाच छपराखाली असत.

कमाईची घडण :

गलाईतील मिळकत तीन मार्गांनी होत असे. पहिला मार्ग शुद्धीकरणाच्या मजुरीचा. दुसरा टंचाचा, म्हणजे धातूच्या शुद्धतेच्या अंदाजाचा. जुना माल विकत घेताना त्यात शुद्ध सोने किती आहे याचा अंदाज कसोटीच्या दगडावरील रेघ, रंग व अनुभव यांवरून बांधावा लागे. अंदाज बरोबर आला तर नफा, चुकला तर तोटा. तिसरा मार्ग अवशेषांचा. फुटलेल्या मुशी, भट्टीची राख, जमिनीवरील धूळ व धुवणाचे पाणी यांतूनही सोने-चांदी निघे. येथे काहीच टाकाऊ नव्हते आणि म्हणूनच काटकसर हे या व्यवसायाचे मोठे भांडवल होते.

व्यवसायात प्रवेश बहुधा नात्यागोत्यातून होई. गावाकडील मुलगा, अनेकदा शाळा अर्धवट सोडून, चुलता, मामा वा भावकीतील कुणाच्या दुकानावर जाई. प्रारंभी राहणे-जेवणे आणि हातखर्च, पुढे पगार, नंतर भागीदारी आणि अखेरीस दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान, असा हा क्रम होता. एका दुकानातून दुसरे आणि एका जिल्ह्यातून शेजारचा जिल्हा अशा रीतीने हे जाळे पसरत गेले. नवा माणूस अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, पुष्कळदा एकट्याने दुकान मांडी.

या रचनेची एक बाजू अधोरेखित केली पाहिजे. हातात दुसऱ्याचे सोने असल्याने विश्वास ही येथील पहिली पात्रता होती आणि विश्वासाची हमी नाते देत असे. परिणामी ज्यांचे आप्त आधीच या व्यवसायात होते त्यांनाच ही वाट सुलभ झाली. थोडीफार जमीन व भावकीचे पाठबळ असलेली कुटुंबे गलाईकडे वळली; ज्यांच्यापाशी ही दोन्ही नव्हती त्यांच्या वाट्याला खडी फोडणे, ऊसतोड व वीटभट्टी आली. एकाच दुष्काळाने सर्वांना घराबाहेर काढले, तरी कोण कोठे पोहोचणार हे गावातील स्थानानेच ठरविले.

शरीराने मोजलेली किंमत :

धातू तेजाबात उकळताना तांबूस-पिवळा धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचा असतो. या वायूचे वैशिष्ट्य असे की, श्वासावाटे तो फुप्फुसांत गेल्यावर त्याचा परिणाम लगेच जाणवेलच असे नाही. थोडा खोकला, घशाला जळजळ, नंतर काही तास बरे वाटणे आणि त्यानंतर फुप्फुसांत पाणी साठून प्रकृती गंभीर होणे असा क्रम संभवतो. मात्रा कमी परंतु दीर्घकाळ असेल तर दम लागणे, जुनाट खोकला व श्वासनलिकेचा दाह हे विकार जडतात. आम्लाच्या वाफांनी दातांचे कवच झिजते. शिशाच्या धुराने रक्तक्षय, पोटदुखी व मज्जातंतूंचे विकार होतात. ही माहिती वैद्यकशास्त्राला नवीन नाही. उंच धुराडे, वायू ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य मुखपट यांनी धोका बराच कमी करता येतो. तथापि सराफ गल्लीतील भाड्याच्या खोलीत धुराडे उभारू देणारा घरमालक मिळणे कठीण आणि उघड्यावर भट्टी मांडणे चोरीच्या भीतीने अशक्य. अशा स्थितीत दार-खिडकी लावून काम करणे हे तर्कसंगत ठरत होते. सोने वाचविण्यासाठी केलेली हीच उपाययोजना फुप्फुसांना घातक होती.

या आजारांचा काळही फसवा होता. तरुणपणी शरीर सोसते, मिळकत वाढत जाते आणि त्रास जाणवू लागेपर्यंत दुकान पुढच्या पिढीच्या हाती गेलेले असते. आजारी माणूस गावी परततो, तेव्हा त्याचा दमा हा वयाचा वा विडी-तंबाखूचा परिणाम मानला जातो. कमाई परमुलखात, आजारपण गावात आणि दोहोंना जोडणारी नोंद कोठेच नाही, अशी ही अवस्था होती. त्या भट्ट्यांचा धूर व नाल्यांत सोडलेले आम्लयुक्त पाणी शेजाऱ्यांनाही सोसावे लागे. त्यामुळे ज्या गावाने पोट भरले त्याच गावाशी वितुष्ट येण्याचे प्रसंगही उद्भवत.

कायद्याच्या दोन बाजू :

गलाई व्यावसायिकाचा कायद्याशी आलेला संबंध विलक्षण होता. नियंत्रण करणारा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचला. संरक्षण करणारा पोहोचला नाही.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. ही अट १९६६ मध्ये मागे घेण्यात आली, परंतु पुढे १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण अधिनियमाने परवाना पद्धती पक्की केली. सोन्याची लगड, म्हणजे दागिन्याच्या रूपात नसलेले सोने, खाजगी व्यक्तीने बाळगणे निषिद्ध ठरले आणि शुद्धीकरण करणाऱ्यास परवाना आवश्यक झाला. गलाईवाल्याच्या श्रमाचे फळच मुळी लगड होते. परवान्याविना काम करणाऱ्याचे कौशल्य जेवढे उत्तम तेवढा त्याचा गुन्हा स्पष्ट, अशी परिस्थिती १९९० मध्ये हा कायदा रद्द होईपर्यंत राहिली.

दुसरी टांगती तलवार चोरीच्या मालाची. भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारणे गुन्हा होता. २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेत समाविष्ट आहे. वितळलेल्या सोन्याला ओळख नसते. आणलेला दागिना कोणाचा हे विचारण्याची सोय नाही आणि न विचारल्यास संशय आपल्यावर. परप्रांतात, परभाषेत, ओळखीपाळखीविना चौकशीला सामोरे जाणे हा या व्यवसायातील मोठा मानसिक ताण होता.

संरक्षणाची बाजू याउलट होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची मर्यादा विजेचा वापर असल्यास दहा व नसल्यास वीस कामगारांची होती. दोन-चार माणसांची गलाई तिच्यात बसत नव्हती. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्याच्या व्याख्येची ही मर्यादा अनुक्रमे वीस व चाळीस अशी वाढविण्यात आली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा कंत्राटदारामार्फत नेलेल्या मजुरांपुरता होता. पुतण्याला दुकानावर नेणारा चुलता कंत्राटदार नव्हता आणि पुतण्या मजूर म्हणून कोठे नोंदलेला नव्हता.

येथे माथाडी कामगारांशी तुलना उद्बोधक ठरते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील हमालांची संघटना उभी राहिली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपचार व नोंदणी यांची व्यवस्था निर्माण झाली. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांची संख्या एका शहरात एकवटलेली होती, म्हणून हे शक्य झाले. गलाईवाले देशभर विखुरलेले, परस्परांचे स्पर्धक आणि स्वतःला व्यापारी मानणारे होते. ठिकठिकाणी त्यांच्या संघटना स्थापन झाल्या. त्यांचे लक्ष मुख्यतः पोलिसी त्रास व व्यापारी अडचणी यांवर राहिले. आरोग्य हा मागणीचा विषय फारसा झाला नाही. कामगार म्हणवून घेतल्याने मिळणारे संरक्षण आणि मालक म्हणवून घेतल्याने मिळणारी प्रतिष्ठा यांतून त्यांनी प्रतिष्ठा निवडली. भावकीत व सोयरिकीत तिचे मोल मोठे होते, हे ध्यानात घेतल्यास ही निवड अनाकलनीय वाटत नाही.

घर, गाव आणि पाणी :

गलाईच्या पैशाने गावांचे रूप पालटले. धाब्याच्या घरांच्या जागी पक्की घरे आली, मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, शाळांना देणग्या मिळाल्या, विहिरी व जमीन यांत गुंतवणूक झाली. विटा परिसरातील यंत्रमाग, कुक्कुटपालन व व्यापार यांच्या वाढीबरोबरच या भागातील रोख पैशाचा ओघ वाढत गेला. गावच्या यात्रेला गलाईवाले सहकुटुंब परतत आणि वर्गणीच्या यादीत त्यांची नावे वर असत.

याच गावांत वर्षाचे उरलेले महिने वेगळे चित्र असे. पुरुष परमुलखी गेल्यावर शेती, जनावरे, वृद्धांची शुश्रूषा व मुलांचे शिक्षण स्त्रियांवर येई. कामाचा भार त्यांचा, निर्णय मात्र पत्राने वा पुढे दूरध्वनीने येणारा. ज्यांनी कुटुंब सोबत नेले त्यांची मुले तमिळ, मल्याळम वा हिंदी माध्यमात शिकली. घरी मराठी, शाळेत दुसरी भाषा आणि लग्नाला गावाकडचे स्थळ, अशी दुहेरी मुळे या पिढीला लाभली. गावातील पक्की घरे अनेकदा कुलूपबंद राहिली.

या सर्वांत पाण्याचा प्रश्न विशेष सूचक आहे. ज्या अवर्षणामुळे ही माणसे बाहेर पडली ते खाजगी कमाईने दूर होणारे नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाल्यावर खानापूर तालुक्यातील अनेक गिरणी कामगार गावी परतले. मुक्ती संघर्ष चळवळीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. येरळेच्या पात्रातील वाळूवर हक्क सांगून बळवडी व तांदुळवाडी येथील ग्रामस्थांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरणाचा प्रकल्प हाती घेतला. पुढे १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर आदींनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी सातत्याने मांडली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे नेणाऱ्या टेंभू योजनेस गती मिळाली. पाणी टप्प्याटप्प्याने खानापूर-आटपाडीपर्यंत आले व डाळिंब, द्राक्ष, ऊस यांची शेती विस्तारली.

संपात सर्वस्व गमावून परतलेला गिरणी कामगार पाण्याच्या लढ्यात उभा राहिला, कारण त्याला परतण्यासाठी दुसरी जागा नव्हती. परमुलखात यशस्वी झालेल्या गलाईवाल्याने गावासाठी देणगी दिली. तथापि रोजच्या सभा-मोर्चांसाठी लागणारी उपस्थिती तो देऊ शकत नव्हता. चांगल्या कमाईने कुटुंबाला दुष्काळातून बाहेर काढले, परंतु गावाच्या दुष्काळाविरुद्ध उभे राहू शकणारे कर्ते हातही तिने बाहेरच ठेवले. या व्यवसायाच्या हिशेबात हा खर्च सहसा धरला जात नाही.

बदलता काळ :

१९९० नंतर परवान्याचे बंधन गेले आणि सोन्याची बाजारपेठ विस्तारली. त्याचबरोबर स्पर्धाही वाढली. यंत्रसज्ज शुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने काही क्षणांत शुद्धता सांगणारी यंत्रे सराफ बाजारात आली. सोन्याच्या दागिन्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली व जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली. टंचाचा अंदाज हे ज्या कौशल्याचे मर्म होते त्याचे मोल त्यामुळे घटले. २०१६ ची नोटाबंदी व २०१७ चा वस्तू व सेवा कर यांनी रोखीच्या, तोंडी विश्वासावरील व्यवहारांना नवे वळण दिले. गॅसची भट्टी, धुराचे शोषक यंत्र व मुखपट यांचा वापर वाढला, हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या पिढीने कोळसा व तेजाबाच्या धुरात उमेदीची वर्षे घालविली तिच्या वाट्याला या सुधारणा उशिराच आल्या.

समारोप :

गलाईचा इतिहास केवळ शोषणाचा म्हणून सांगता येणार नाही आणि केवळ यशोगाथा म्हणूनही नाही. अल्पशिक्षित शेतकऱ्यांच्या मुलांनी भांडवल, भाषा व ओळख यांचे पाठबळ नसताना देशभर एक व्यवसाय उभा केला, ही सामान्य कामगिरी नव्हे. मात्र त्यांच्या मिळकतीचे मोजमाप करताना फुप्फुसांचे विकार, तुटलेले शिक्षण, स्त्रियांवर पडलेला भार, पोलीस-चौकशीची भीती आणि गावातील अनुपस्थिती ही खर्चाची बाजूही त्याच पानावर लिहिली पाहिजे.

दुर्गम अथवा दूरच्या ठिकाणी मिळणारे अधिक वेतन हे पुष्कळदा संरक्षणाच्या अभावाचे मूल्य असते. सैनिकाला निवृत्तिवेतन मिळाले, हमालाला माथाडी मंडळ मिळाले. गलाईवाल्याला स्वतःच्या बचतीखेरीज काही मिळाले नाही. या दृष्टीने दोन कामे तातडीची ठरतात. पहिले, निवृत्त होऊन गावी परतलेल्या गलाई व्यावसायिकांची फुप्फुस-तपासणी व आरोग्यनोंद. दुसरे, त्यांच्या आठवणी, हिशेबाच्या वह्या व पत्रव्यवहार यांचे संकलन. विटा, खानापूर, आटपाडी, दहिवडी व वडूज येथील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल विभागांना हे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करता येण्याजोगे आहे, कारण त्यांच्या वर्गांत बसणाऱ्या अनेकांच्या घरातच ही साधने आहेत. पहिल्या पिढ्यांतील माणसे आज वृद्धत्वाला पोहोचली आहेत. त्यांच्या साक्षी वेळेत नोंदविल्या गेल्या नाहीत, तर गावात उभी असलेली घरे तेवढी या इतिहासाची साधने म्हणून उरतील आणि ती घरे कमाईची बाजू तेवढी सांगतील.